९६ मिनिटांची शाळा

साडेदहाला घंटा होते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, बोधकथा असा परिपाठ आटोपतो आणि मुले दोन खोल्यांत पांगतात. एका खोलीत पहिली, दुसरी आणि तिसरी. शेजारच्या खोलीत चौथी आणि पाचवी. पहिल्या खोलीतल्या बाई फळ्यावर खडूने दोन उभ्या रेघा ओढतात. डावीकडे पहिलीसाठी ‘म’, ‘क’, ‘ल’. मधल्या भागात दुसरीसाठी हातच्याच्या बेरजा. उजवीकडे तिसरीसाठी धड्याखालचे प्रश्न. पेन्सिल कशी धरायची हे दाखवायला बाई पहिलीतल्या मुलाजवळ खाली बसतात, तोच दुसरीतले कोणी वही घेऊन समोर उभे राहते : ‘बाई, झाल्या.’ त्या बेरजा तपासाव्यात तर तिकडे तिसरीचा गलका वाढलेला असतो. एवढ्यात स्वयंपाकी ताई दारात येतात. आजच्या हजेरीप्रमाणे तांदूळ मोजून द्यायचा आहे, पाचवीपर्यंतच्या मुलामागे १०० ग्रॅम. शेजारच्या खोलीतल्या गुरुजींकडे मुख्याध्यापकपदाचा कार्यभारही आहे. त्यांच्या फोनवर केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या, गटात निरोप पडतो : माहिती आज दुपारी दोनपर्यंत भरावी, अत्यंत तातडीचे.

हे चित्र कोणा एका गावाचे नाही. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या सुमारे साठ हजार शाळा आहेत आणि त्यांतल्या कोणत्याही द्विशिक्षकी शाळेत थोड्याफार फरकाने असाच दिवस उजाडतो. शाळेबाहेर पारावर पालकांचे बोलणे ऐकावे तर तक्रार एकच : झेडपीच्या शाळेत शिकवत नाहीत. शिक्षकांच्या संघटनेच्या बैठकीत बसावे तर तिथेही तक्रार एकच : आम्हाला शिकवू द्या. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही गेली काही वर्षे मोर्च्यांतली घोषणाच झाली आहे. या दोन तक्रारी एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या जातात. पालक शिक्षकाला दोष देतो, शिक्षक शासनाला, आणि शासन दोघांना प्रशिक्षणाचा नवा कार्यक्रम देते. माझे म्हणणे असे की दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच गोष्टीबद्दल आहेत. मुलाच्या वाट्याला शिक्षकाचा वेळ येत नाही. इमारत, स्मार्ट टीव्ही, गणवेश, इंग्रजी यांवर बोलण्याआधी या एका गोष्टीचा हिशेब मांडला पाहिजे.

हिशेब मिनिटांचा

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. म्हणजे दिवसाला चार तास. त्याच परिशिष्टात शिक्षकांची संख्या पटावर ठरते : ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून तिसरा, ९१ पासून चौथा. आता दोन शिक्षकांची पाचवीपर्यंतची शाळा घ्या. दोघांचे मिळून दिवसाला आठ तास, वर्ग पाच. एका वर्गाच्या वाट्याला आले ९६ मिनिटे. मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, कला, खेळ, सगळे त्या ९६ मिनिटांत. उरलेला वेळ मुलाने ‘स्वयंअध्ययन’ करायचे, म्हणजे फळ्यावरचे उतरवून बसायचे. आणि दोघांपैकी एक जण बैठकीला, प्रशिक्षणाला, मतदार यादीच्या कामाला किंवा साध्या रजेवर गेला की एका शिक्षकाचे चार तास पाच वर्गांत वाटले जातात. ४८ मिनिटे.

कायदा लिहिणाऱ्यांनी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण मनात धरले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एका इयत्तेची तीस मुले असावीत. आपल्या वाड्यावस्त्यांवर ती तीस मुले पाच इयत्तांची असतात. पटाचे प्रमाण कागदावर उत्तम दिसते, प्रत्यक्षात शिकवणे होत नाही. शिक्षकाचे काम किती मुले आहेत यावर जेवढे अवलंबून असते, त्याहून जास्त किती इयत्ता आहेत यावर असते. बारा मुले असली तरी पहिलीचे अक्षर, तिसरीचा परिच्छेद आणि पाचवीचा अपूर्णांक हे तीन वेगळे पाठच असतात. प्रौढांच्या कोणत्याही कामात एका माणसाने एकाच वेळी तीन वेगळ्या विषयांवर तीन गटांशी बोलावे अशी अपेक्षा कोणी करत नाही.

परिणाम कुठे दिसतो? ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत स्वयंसेवक ग्रामीण भागात घरोघरी जातात आणि मुलासमोर एक कागद धरतात. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल कुठपर्यंत वाचते ते पाहायचे, बाकी काही नाही. २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली. २०२२ मध्ये, करोनानंतर, हेच प्रमाण १६.३ टक्के होते आणि २०१८ मध्ये २०.९. सुधारणा आहे आणि ती नाकारू नये. पण तिसरीच्या वर्गातली चारांपैकी तीन मुले दुसरीची गोष्ट वाचू शकत नसतील, तर पारावरचा पालक खोटे बोलत नाही.

वेळ जातो कुठे

कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना तीनच अशैक्षणिक कामे देता येतात : दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. मतदार याद्यांच्या कामाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले की शिक्षकांना हे काम सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे, एरवी नाही. तरीही मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून शिक्षकांच्या नेमणुका होतात आणि काम शाळेच्या वेळेत शिरते. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांचे वर्गीकरण करणारा निर्णय काढला. हे पाऊल योग्य होते. मात्र मोठी गळती मतदार यादीतून होत नाही, ती रोजच्या बारीक कामांतून होते, आणि त्यातली बहुतेक ‘शैक्षणिक’ या सदरातच मोडतात.

पोषण आहाराचेच पाहा. मुलाला शाळेत गरम जेवण मिळते ही या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, ती बंद व्हावी असे कोणी म्हणणार नाही. पण धान्य उतरवून घेणे, पोती मोजणे, रोजचा तांदूळ-डाळ-तेल यांचा शिल्लक हिशेब, अ‍ॅपवर जेवलेल्या मुलांची संख्या, वाढण्यापूर्वी चव घेऊन चव नोंदवहीत सही, हे सगळे कोण करते? शिक्षक. यु-डायस प्लसवर मुलांची माहिती, सरल पोर्टल, आधारची जुळणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, शालार्थवर वेतन देयक, असाक्षरांचे सर्वेक्षण, अमुक सप्ताहाचे फोटो, तमुक शपथेची लिंक. यातले एकेक काम दहा-पंधरा मिनिटांचे. खाजगी शाळेत या कामांसाठी कार्यालयात लिपिक असतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत लिपिक नाही, शिपाई नाही. घंटा देणारे, कुलूप उघडणारे आणि देयक भरणारे हात तेच आहेत जे खडू धरतात.

शाळेच्या हातात पैसाही नसतो. समग्र शिक्षा अभियानातून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार. दहा हजारांत वर्षभराचे वीजबिल, खडू, झाडू, नळाची दुरुस्ती आणि इंटरनेटचे रिचार्ज बसवायचे. न बसणारा भाग शिक्षक खिशातून घालतात किंवा गावाकडे लोकवर्गणी मागतात. लोकवर्गणीतून संगणक आला, टीव्ही आला अशी बातमी आपण कौतुकाने वाचतो. त्या टीव्हीचे वीजबिल कोण भरणार हा प्रश्न बातमीत नसतो.

पालक काय विकत घेतो

सकाळी सातला गावाच्या फाट्यावर पिवळी गाडी येते आणि टाय-बूट घातलेली मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेकडे जातात. या पालकाला हौशी, दिखाऊ, इंग्रजीच्या मागे लागलेला ठरवणे सोपे आहे. पण त्याचा विचार नीट ऐकावा. त्या शाळेत पहिलीला एक मॅडम आहे, दुसरीला दुसरी. वही रोज तपासली जाते. कोणी नाही आले तर फोन येतो. शेतमजुरी करणारा किंवा दूध घालणारा माणूस वर्षाच्या कमाईतला मोठा हिस्सा ज्यासाठी मोजतो ते इंग्रजी आहे असे तो स्वतःही सांगेल, पण वस्तुतः तो ‘वर्गाला एक शिक्षक’ विकत घेत असतो. गावच्या शाळेने तेवढे दिले असते तर त्यातले अनेक जण गेले नसते. करोनाच्या काळात ग्रामीण भारतात ६ ते १४ वयोगटातल्या मुलांचा सरकारी शाळांतला वाटा २०१८ च्या ६५.६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ७२.९ वर गेला. पैसा आटला, खाजगी शाळा बंद पडल्या, मुले परत आली. २०२४ मध्ये तो वाटा पुन्हा ६६.८ वर उतरला. म्हणजे परत आलेली मुले व्यवस्थेच्या हातात होती आणि तिने ती राखली नाहीत.

मग खाजगी शाळेत मूल जास्त शिकते का? याबद्दल भारतातला सर्वांत भक्कम पुरावा आंध्र प्रदेशातला आहे. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी तिथल्या खेड्यांत चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खाजगी शाळेत जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली आणि चिठ्ठी न लागलेल्या मुलांशी त्यांची तुलना केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : चार वर्षांनंतरही तेलुगू, गणित आणि इंग्रजी यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. फरक आढळला हिंदीत, कारण खाजगी शाळांनी हिंदीला वेळ दिला होता. खाजगी शाळेतली मुले एरवी पुढे दिसतात ती मुख्यतः घरच्या परिस्थितीमुळे. याच अभ्यासातली दुसरी बाजू लपवून चालणार नाही. खाजगी शाळांनी तेलुगू आणि गणिताला कमी वेळ देऊनही सरकारी शाळेइतकेच साधले आणि त्यांचा दर मुलामागचा खर्च एक तृतीयांशाहून कमी होता. त्या शाळांत वर्गातली मुले कमी होती, शिक्षक कमी गैरहजर होते, पगार मात्र फारच थोडा होता. त्या पगारावर माणसे आयुष्यभर शिकवत राहतील अशी व्यवस्था शासनाने उभारावी असे मी म्हणणार नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे सांगताना जोतीराव फुले यांनी शिक्षकाला चांगला पगार द्या हेही सांगितले होते. पण जो शिक्षक वर्गात पूर्ण वेळ असतो तो कमी शिकलेला असला तरी बरोबरी गाठतो, एवढे त्या आकड्यांतून निघतेच.

पट घटतो, मग शिक्षक घटतो

आता जे चक्र सुरू होते ते या सगळ्यातले सर्वांत घातक आहे. दरवर्षी संचमान्यता होते, म्हणजे पट मोजून शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरते. पाच मुले पिवळ्या गाडीने गेली, पट ६३ वरून ५८ वर आला, तिसरे पद गेले. शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून दुसरीकडे समायोजित झाला. इयत्ता मात्र पाचच्या पाच राहिल्या. उरलेल्या मुलांच्या वाट्याची मिनिटे कमी झाली, ते पालकांना दिसले, पुढच्या जूनमध्ये आणखी मुले गेली. ज्या शाळेवरचा विश्वास डळमळू लागला, तिचीच माणसे आपण काढून घेतो. उलट दिशेने हे चक्र फिरवायला शिक्षकांना मे महिन्याच्या उन्हात दारोदार फिरून पहिलीचे दाखले गोळा करावे लागतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष आणखी आवळले. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, शिक्षकदिनीच, अगदी कमी पटाच्या शाळांतल्या दोनपैकी एका पदावर महिना १५ हजार रुपये मानधनाने कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला आणि २५ सप्टेंबरला राज्यभरातले शिक्षक सामूहिक रजा टाकून रस्त्यावर आले.

भरतीचीही कथा अशीच. २०१२ पासून शिक्षकभरती जवळपास थांबली. ‘पवित्र’ पोर्टल आले, अभियोग्यता परीक्षा झाली २०१७ मध्ये, पुढची थेट २०२३ मध्ये. २१,६७८ पदांची जाहिरात फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाली. मधल्या काळात निवृत्ती काही थांबली नव्हती. दरम्यान शिक्षक पात्रता परीक्षेतला गैरव्यवहार उघडकीला आला, हजारो उमेदवारांचे गुण वाढवल्याचे निघाले, आणि जे प्रामाणिकपणे उत्तीर्ण झाले होते त्यांच्याकडेही गावाने संशयाने पाहिले.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप रास्त आहे : सगळा दोष व्यवस्थेवर ढकलून कामचुकार शिक्षकाला पाठीशी घालायचे का? मुळीच नाही. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, न राहता घरभाडे भत्ता घेण्याचा प्रश्न २०२२ मध्ये विधानसभेत गाजला, आणि जिल्ह्याच्या गावाहून पन्नास-साठ किलोमीटरची ये-जा करणारा शिक्षक शेवटच्या तासाला गाडीच्या वेळेकडे पाहत असतो हे गावाला माहीत आहे. न शिकवणाऱ्यावर कारवाई झाली पाहिजे. पण आजच्या रचनेत न शिकवणारा आणि शिकवू न दिलेला यांच्यात फरकच करता येत नाही. दोघांचीही माहिती वेळेवर भरलेली असते, दोघांचेही अभिलेख पूर्ण असतात. तपासणीला येणारा अधिकारी अभिलेख पाहतो. शिक्षकाचा वेळ मोकळा केला तरच त्याला जाब विचारता येईल. आणि सातव्या वेतन आयोगानुसार २९,२०० रुपये मूळ वेतनापासून सुरू होणाऱ्या प्रशिक्षित माणसाला आकडे भरायला बसवणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्ययच आहे. केंद्रागणिक एक माहिती-लिपिक नेमला तर दहा-बारा शाळांचे हे काम होईल.

दुसरा आक्षेप खर्चाचा. २०२३ मध्ये शासनाने समूह शाळांचा विषय काढला, तेव्हा सांगितले गेले की वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा आहेत, त्यांत १,८५,४६७ मुले आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे सहा मुलांमागे एक शिक्षक, याहून जास्त काय द्यायचे? त्यापेक्षा नंदुरबारच्या तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातल्या पानशेतप्रमाणे शाळा एकत्र करा, वर्गाला शिक्षक मिळेल. हा युक्तिवाद माझ्याच युक्तिवादाच्या जवळ जातो, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. जिथे दोन शाळा सपाट रस्त्याने अर्ध्या किलोमीटरवर आहेत आणि पालकांची संमती आहे, तिथे एकत्र कराव्यात. पण या शाळांतल्या कितीतरी पाड्यांवर, वाड्यांवर, धरणाच्या पलीकडे आहेत. पावसाळ्यात ओढा चढला की तिथली मुले घरी बसतील, आणि मुलींची शाळा सर्वांत आधी सुटेल. कायद्याने प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत द्यायची ती याच मुलांसाठी. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा राज्यभर विरोध झाला तो याच भीतीने.

तिथे उपाय वेगळा आहे. अनेक इयत्ता एकत्र शिकवण्याचे शास्त्र आहे आणि ते आपल्याच देशात घडले आहे. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी धड्यांची छोट्या छोट्या कार्डांत मांडणी केली. मूल आपल्या गतीने पायरी चढते आणि शिक्षक गटागटांत फिरतो. तमिळनाडूने त्याच धर्तीवर कृतियुक्त अध्ययन सरकारी शाळांत राबवले. आपल्याकडे मात्र अध्यापक विद्यालयात एका इयत्तेचा पाठ घ्यायला शिकवतात, बालभारतीचे पुस्तक एका इयत्तेसाठी लिहिलेले असते, आणि नेमणूक तीन इयत्तांवर होते. बहुवर्ग अध्यापनाचे खरे साहित्य आणि सलग प्रशिक्षण मिळाले, तर ९६ मिनिटांबाहेरचा वेळही शिकण्याचा होऊ शकतो.

तिसरा आक्षेप उदाहरणांचा. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा बंद पडण्याच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकरी यांनी ती उभी केली आणि २०२५ मध्ये तिला जागतिक पातळीवरचा लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यांना जमते, मग इतरांना का नाही? या शाळांचे मोल मोठे आहे, पण साठ हजार शाळा असामान्य माणसांच्या भरवशावर चालवता येत नाहीत. गुरुजींची बदली झाली की गाव हवालदिल होते. मला अधिक शिकवून जाते ते सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचे उदाहरण. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी एका शाळेऐवजी सगळ्या बीटवर, म्हणजे आपल्या हद्दीतल्या सगळ्या शाळांवर, काम केले. जमिनीवर आखलेली चित्रे-अक्षरे, मुलांच्या उंचीचे फळे, एकमेकांकडून शिकणारे गट, आणि शिकवण्याबद्दल शिक्षकांशी सतत बोलणारी अधिकारी. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. केंद्रप्रमुख हे पद मुळात याच कामासाठी आहे. राज्यात अशी ४,८६० पदे मंजूर, त्यांतली कितीतरी वर्षानुवर्षे रिकामी किंवा प्रभारी, आणि भरलेली पदे माहिती गोळा करण्यात गुंतलेली.

समितीची वही

कायद्याने प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया. तिला अधिकार दिले की काय होते आणि काढून घेतले की काय होते, हे गणवेशाने दाखवले. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून कापड वरून आले, शिलाई बचत गटांकडे गेली, आणि कित्येक शाळांत सत्र उलटून गेले तरी गणवेश पोचले नाहीत. आले ते कोणाला आखूड, कोणाला ढगळ. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने तो अधिकार पुन्हा समित्यांना दिला. गावच्या शिंप्याकडे मुलाला नेऊन माप देणे ही गोष्ट मंत्रालयातून होत नाही.

शिक्षकाच्या वेळेवरही याच समितीने लक्ष ठेवावे. पाचवीपर्यंतच्या शाळेला पट कितीही असो, किमान तीन शिक्षक द्या, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातून गेली पाहिजे. शाळेच्या वेळेत कोणतेही ऑनलाइन काम नको, हीसुद्धा. दिवाळीला गावी आलेल्या आणि स्वतः या शाळेत शिकलेल्या वाचकांना विनंती आहे की सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू होईल तेव्हा समितीच्या बैठकीचा दिवस विचारून घ्या, जमल्यास हजर राहा, आणि रंगरंगोटी किंवा टीव्हीची चौकशी करण्याआधी एवढेच विचारा : पहिल्या सत्रात किती दिवस सगळे शिक्षक पूर्ण वेळ वर्गात होते? उत्तर समितीच्या वहीत लिहून घ्या, आणि तेच मार्चमध्ये पुन्हा विचारा.